नऊ बाय सहाचा तिरंगा

रुंदी ७२ मिलिमीटर, उंची ४८, जाडी साडेनऊच्या किंचित वर. लेगोच्या ठोकळ्यांचा तिरंगा, वरच्या कडेला बरोबर मधोमध एक कडी, आणि त्याच कडीतून सुटी लोंबणारी एक पांढरी पट्टी. पट्टीवर खेळाडूचे नाव. आमच्या नोएडाच्या सोसायटीतल्या आठवीतल्या एका मुलीने अशा बऱ्याच की-चेन केल्या. निमित्त होते दिल्लीत भरलेल्या जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धेचे. देशोदेशीच्या खेळाडूंना त्यांच्या त्यांच्या झेंड्याची, त्यांच्या नावाची भेट, एवढी साधी कल्पना. ज्या राहिल्या त्यांतल्या काही आत्ता माझ्यापुढे टेबलावर आहेत.

रसग्रहण कवितेचे होते, बंदिशीचे होते, फार तर एखाद्या पैठणीच्या पदराचे होते. की-चेनचे कोणी करत नाही, आणि बहुतेक की-चेनची तेवढी लायकीही नसते. या मुलीच्या कामात मात्र वाचण्यासारखे बरेच आहे. इतक्या छोट्या जागेत झेंड्याची नक्कल होऊच शकत नाही. काय ठेवायचे, काय सोडायचे, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते, आणि त्या निवडीत करणाऱ्याची नजर दिसते.

आधी प्रसंग. २७ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर २०२५ या दिवसांत जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ही स्पर्धा झाली. भारतात ती प्रथमच भरत होती आणि शंभराहून अधिक देशांचे खेळाडू आले होते. हे स्टेडियम १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेले. तेव्हाचा शुभंकर अप्पू नावाचा हत्ती, आणि या वेळचा विराज, तोही हत्तीचे पिल्लू, फक्त एका पायाला धावण्याची पात असलेले. मध्ये २०१० च्या राष्ट्रकुल खेळांत शेरा वाघाने जागा घेतली होती. पण दिल्लीचा जीव हत्तीतच असावा. भारताने या वेळी ६ सुवर्ण धरून २२ पदके मिळवली. त्या सहांत भालाफेकीतला महाराष्ट्राचा संदीप सरगर होता.

अशा स्पर्धांत खेळाडू एकमेकांना पिना देतात, बदलून घेतात. ऑलिंपिकमध्ये ही चाल १८९६ च्या अथेन्सपासूनच्या बिल्ल्यांतून आली. यजमान मात्र देतात ती स्मृतिचिन्हे: काचेची, लाकडाची, मखमली पेटीतली, उचलून नेताना विमानतळावर सामानाचे वजन वाढवणारी. आपल्याकडे तर शाल आणि श्रीफळ. नारळ घेऊन साओ पावलोच्या विमानात बसणाऱ्या थाळीफेकपटूचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. ठोकळ्यांची की-चेन त्यापेक्षा सुज्ञ भेट आहे. सगळ्यांच्या ओळखीच्या दोन बाय चारच्या ठोकळ्याचे वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास असते. असा पूर्ण झेंडा किटच्या पिशवीला लटकला तरी खांद्याला कळत नाही.

आता वस्तूकडे. लेगोची सगळी दुनिया ८ मिलिमीटरवर चालते. ठोकळ्याच्या माथ्यावरच्या एका गुंडीच्या मध्यापासून शेजारच्या गुंडीच्या मध्यापर्यंत ८. पूर्ण ठोकळ्याची उंची ९.६, आणि चपट्या प्लेटची त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे ३.२. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ मध्ये धंदा सुरू केला तेव्हा खेळणी लाकडाची होती. आजच्या पद्धतीने एकमेकांत घट्ट बसणाऱ्या ठोकळ्याचा पेटंट अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. मापाची ही शिस्त हाच या माध्यमाचा छंद आणि हीच त्याची कोंडी. आठच्या पटीत न बसणाऱ्या गोष्टीला इथे जागा नाही.

आणि तिरंग्याला माप आहे, काटेकोर आहे. लांबी-रुंदी ३:२, तिन्ही पट्टे सारख्या उंचीचे. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला. पुढे भारतीय मानक ठरवायची वेळ आली तेव्हा पहिल्याच क्रमांकाचे मानक राष्ट्रध्वजाचे निघाले. आमच्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत खादीचे झेंडे होतात, तिथेही सगळा खटाटोप या मापांचाच. आता हे ३:२ गुंड्यांत बसवून पाहा. पट्टे सारखे हवेत, म्हणजे उंचीच्या गुंड्यांना तीनने भाग गेला पाहिजे. उंची ३ घेतली तर रुंदी साडेचार येते आणि अर्धी गुंडी मिळत नाही. उंची ६ घेतली की रुंदी ९. म्हणजे गुंड्यांच्या जाळीवर बिनचूक प्रमाणाचा तिरंगा बांधायचा तर ९ बाय ६ हा सर्वांत लहान आकार, त्याहून लहान होतच नाही. बाजारातल्या आणि हौशी की-चेनमध्ये ५ बाय ३ चा तिरंगा सर्रास दिसतो. तो गोजिरा असतो. पण अंगापेक्षा लांब. या मुलीने ती पळवाट घेतली नाही. आकार थोडा मोठा झाला तो चालवून घेतला आणि प्रमाण सांभाळले. पहिली दाद इथेच द्यावीशी वाटते.

ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई रेघ ओढण्याआधी ठिपके ठरवते, १५ ते ८ की ११ ते १. ठिपके ठरले की निम्मी रांगोळी ठरली. इथेही तसेच झाले. ९ हा आकडा विषम आहे, म्हणून त्याला मधला स्तंभ मिळतो, डावीकडे चार, उजवीकडे चार, मध्ये पाचवा. त्या पाचव्या स्तंभावर दोन कामे होतात. वर कडी बसते आणि खाली चक्र. कडी आणि चक्र एकाच उभ्या रेषेत, त्यामुळे झेंडा एका कुशीवर कलत नाही. रुंदी दहा असती तर दोन्ही गोष्टी अर्ध्या गुंडीने इकडे किंवा तिकडे गेल्या असत्या.

चक्राची गोष्ट मात्र एवढी सोपी नाही. आडवा मध्य पाचव्या स्तंभावर आला. पण उभा मध्य तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या शिवेवर पडतो, जिथे गुंडी नसते. यावर ठोकळेवाल्यांकडे एक जुना उपाय आहे: जंपर प्लेट. दोन गुंड्यांच्या जागेची छोटी प्लेट, पण वर एकच गुंडी, तीही बरोबर मध्ये. ती इथे उभी बसवली आहे, तिसऱ्या-चौथ्या ओळीला कवेत घेऊन. तिच्या एकुलत्या गुंडीवर निळी गोल टाइल, म्हणजे माथ्यावर गुंडी नसलेला चपटा तुकडा. डावीकडे चार गुंड्या लांबीच्या दोन पांढऱ्या टाइल, उजवीकडे तशाच दोन. पांढरा पट्टा एकही फुटकळ तुकडा न लावता पुरा होतो. हे मी पहिल्यांदा उलगडून पाहिले तेव्हा एखाद्या तबलजीने तिहाई अचूक समेवर आणावी तसा हिशेब जुळल्याचे समाधान मिळाले.

अर्थात चोवीस आरे नाहीत. आठ मिलिमीटरच्या गोलात ते येणारही नाहीत. शिवाय गोल जरा लहानच आहे. ध्वजसंहितेच्या मापांत ९०० बाय ६०० च्या झेंड्यावर चक्र १८५ मिलिमीटरचे, म्हणजे २०० च्या पट्ट्यात जवळजवळ भरून राहणारे. सर्वांत लहान, १५० बाय १०० च्या टेबलावरच्या झेंड्यावर ते २५ चे, पट्ट्याच्या पाऊणपट. इथे १६ च्या पट्ट्यात ८, निम्मे. त्यापुढची गोल टाइल थेट १६ ची, ती वरच्या केशरीला आणि खालच्या हिरव्याला टेकली असती. चक्राला श्वास घ्यायला पांढरी जागा लागते, हे तिला कोणी सांगितले ते मी विचारले नाही. तिने लहान गोल निवडला आणि बरोबर निवडला. शिवाय हा गोल पृष्ठभागाच्या ३.२ मिलिमीटर वर उभा आहे. बोट फिरवले की झेंड्यात नेमका तोच लागतो.

या निळ्या ठिपक्याचे महत्त्व कळायचे तर नायजरचा झेंडा शेजारी ठेवावा. वर नारिंगी, मध्ये पांढरा, खाली हिरवा, मधोमध गोल. फक्त गोल नारिंगी. कापडावर चक्राच्या आऱ्यांमुळे गोंधळ होत नाही, ठोकळ्यांत मात्र दोन देशांमधला फरक एका आठ मिलिमीटरच्या टाइलवर येऊन ठेपतो. त्यात लेगोच्या रंगपेटीत आपला केशरी नाहीच. एक नारिंगी आहे तो लालीकडे झुकतो, दुसरा फिका आहे तो आंब्याच्या रसाकडे जातो. तिने पहिला घेतला. मी दुसरा घेतला असता, पण हा वाद आवडीचा आहे.

आता मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट. पूर्ण झेंडा गुळगुळीत आहे. गुंड्या कुठेच उघड्या नाहीत, सगळीकडे टाइल. सुरुवातीला मला हे खटकले. ठोकळ्यांचा झेंडा आहे तर ठोकळेपणा दिसू दे की. गुंड्यांवर प्रकाश खेळतो, त्यांच्याशिवाय ही वस्तू साधी प्लॅस्टिकची पट्टी वाटण्याचा धोका असतो. मी तसे बोललोही. ती म्हणाली, "काका, भिंग घेऊन गुंडी बघा." अस्सल लेगोच्या प्रत्येक गुंडीवर कंपनीचे नाव उठावाने कोरलेले असते. केशरी पट्ट्यात १८ गुंड्या, हिरव्यात १८. म्हणजे राष्ट्रध्वजावर एका डॅनिश कंपनीचे नाव ३६ वेळा. आणि ध्वजसंहिता सांगते की झेंड्यावर कोणत्याही प्रकारची अक्षरे असू नयेत. १९७१ च्या राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमान प्रतिबंधक कायद्यातही ही गोष्ट आहे. टाइलच्या माथ्यावर नाव नसते. म्हणून टाइल.

मग खेळाडूच्या नावाचे काय? भेट व्यक्तिगत हवी तर नाव हवेच. पण ते झेंड्यावर चालणार नाही. पुष्कळ जण नाव मागे घालतात. ठोकळ्यांत तेही सरळ नाही, कारण प्लेटची पाठ प्लेटच्या पाठीला चिकटत नाही. गुंडीला पोकळीच लागते. त्यासाठी बाजूला गुंडी असलेले वेगळे तुकडे आणून जाडी वाढवावी लागते. तिने नाव मागे न टाकता शेजारी आणले. त्याच कडीत, वेगळ्या साखळीने, पांढरी अरुंद पट्टी. देश आणि माणूस एका कडीत. पण कोणी कोणावर लिहिलेले नाही. पट्टी झेंड्याच्या खाली न जाता बाजूला पडावी म्हणून साखळीचे दोन दुवे कमी केले आहेत. इथे पुरे कौतुक करता येत नाही. चालताना पट्टी झेंड्यावर आपटते आणि खटखट वाजते. ज्याला शर्यतीआधी शांतता हवी असते त्याला हे आवडणार नाही.

नावाची अक्षरे रोमन आहेत, कारण कंपनीच्या अक्षरांच्या टाइल रोमनच मिळतात. देवनागरी एक गुंडी एक अक्षर या हिशेबात बसणारी लिपी नाही. शिरोरेषा सलग हवी, वेलांटी आधीच्या घरात डोकावणार, रफार छपरावर चढणार. तिने एका पट्टीवर बारीक कुंचल्याने देवनागरी लिहून पाहिले आहे. अक्षर सुरेख आहे. पण ते ठोकळ्यांचे काम राहिलेले नाही.

कडी कुठे लावायची, हा प्रश्न वाचकाला किरकोळ वाटेल. नव्वद टक्के झेंड्यांच्या की-चेन इथेच नापास होतात, असे मी माझ्या पाहण्यातून सांगतो. सोय म्हणून कडी अरुंद बाजूला लावतात आणि झेंडा उभा लटकतो. नेदरलँड्सचा झेंडा घ्या: वर लाल, मध्ये पांढरा, खाली निळा. काठीकडच्या बाजूने टांगला की डावीकडून निळा, पांढरा, लाल दिसतो, म्हणजे फ्रान्स. हंगेरीचा तसाच टांगला तर इटली होतो. आपला तिरंगा काठीच्या बाजूने उभा टांगला आणि चक्राकडे दुर्लक्ष झाले तर आयर्लंड. उलट बाजूने टांगला तर आयव्हरी कोस्ट. उभ्या तिरंग्यासाठी ध्वजसंहितेत स्वतंत्र सूचना आहे, पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी हवा. म्हणजे उभा लटकवायचाच तर कडी फडकत्या टोकाला हवी. आणि की-चेन गिरकी घेते, पाठ पुढे आली की सगळे पुन्हा उलटे. तिने कडी लांब बाजूच्या मध्यावर नेऊन हा घोळच मिटवला. कडीचा तुकडा तीन थरांपैकी मधल्या थरात अडकवलेला आहे, वरून टाइल आणि खालून प्लेट यांच्या चिमटीत. ओढ बसते ती थरांच्या दिशेने, गुंड्या उपटण्याच्या दिशेने नाही. म्हणून गोंद लावलेला नसूनही ती निसटत नाही.

गोंदाबद्दल माझे मत कडक आहे. चिकटवलेला लेगो हा लेगो नव्हे. एखादा कोपरा हरवला तर हरवू दे. ज्याच्या घरी मूल आहे त्या खेळाडूच्या घरी तो तुकडा सापडेल.

इतर झेंड्यांकडे वळतो. सगळे देश ठोकळ्यांशी सारख्याच मायेने वागत नाहीत. बांगलादेशाचा झेंडा पाहून मी थक्क झालो. प्रमाण १०:६. लाल गोलाची त्रिज्या लांबीच्या एक पंचमांश, आणि गोलाचा मध्य झेंड्याच्या मध्यावर नसून किंचित काठीकडे, लांबीच्या नऊ विसांशावर. फडकताना तो मधोमध वाटावा म्हणून. आता १० बाय ६ गुंड्या घ्या. गोलाचा व्यास चार गुंड्या येतो, आणि चारची गोल प्लेट तयार मिळते. मध्य पाचऐवजी साडेचारवर येतो, म्हणजे नेमकी अर्धी गुंडी सरकवायची; जंपर प्लेटचे कामच ते. एकाही मापात तडजोड नाही. झेंड्याच्या रचनाकारांच्या मनात ठोकळे असणे शक्य नाही, तरी हिशेब असा जुळतो की कोणाला शंका यावी. जपानचा त्यापुढे थोडा कमी पडतो. ६ बाय ४ वर दोनचा लाल गोल छान मध्यावर बसतो. पण गोल उंचीच्या तीन पंचमांश हवा, तो निम्माच भरतो. तरीही पाहताना जपान अधिक सुंदर दिसतो, कारण आजूबाजूची पांढरी जागा बोलते.

नेपाळपाशी सगळी जाळी फसते. जगातला चौकोनी नसलेला हा एकमेव राष्ट्रध्वज; तो कसा काढायचा याची पायरीपायरीची कृती त्यांच्या राज्यघटनेच्या अनुसूचीत दिलेली आहे. तिने तिरप्या कडेच्या प्लेट वापरून दोन त्रिकोण उभे केले आहेत. निळी किनार वरच्या त्रिकोणात एक गुंडी जाडीची, म्हणजे जरा भारदस्तच झाली आहे. चंद्र आणि सूर्याच्या जागी पांढरे गोल. ओळख पटते, पण झेंड्याचा चटका हरवतो. याला मी धाडसाचे गुण देईन, कसबाचे नाही.

आणि ब्राझील. दिल्लीत पदकतालिकेत १५ सुवर्णांसह चीनच्याही पुढे ब्राझील होता, म्हणजे त्या नऊ दिवसांत हा झेंडा वारंवार वर चढला. ठोकळ्यांत तो जवळजवळ अशक्य आहे: हिरव्यावर पिवळा समभुज, त्यात निळा गोल, गोलात २७ तारे, वर अक्षरांची पट्टी. तिने तारे सोडले, अक्षरे सोडली, समभुजाच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या केल्या. दोन हात लांबून पाहिले तर ब्राझील, हातात घेतले तर बुद्धिबळाची मोडलेली सोंगटी. तिला स्वतःलाही हे पटलेले नाही, टेबलावर तो उरला त्याचे कारण तेच. आकार वाढवला असता तर जमले असते. पण मग ती की-चेन राहिली नसती. काही झेंड्यांना नको म्हणणे हेही कसब आहे.

एक पांढरी आहे. त्या स्पर्धेत रशिया आणि बेलारूसचे खेळाडू स्वतःच्या झेंड्याखाली नव्हे, तटस्थ म्हणून उतरले होते. ज्याला झेंडा लावू दिलेला नाही त्याला झेंड्याची भेट काय द्यायची? तिने ९ बाय ६ पांढऱ्या टाइल बसवल्या, मध्ये काही नाही. शेजारच्या पट्टीवर नाव तेवढे आहे. राजकारणात कोणाची बाजू बरोबर हे या पट्टीला विचारू नये. पण नाव शेजारी ठेवण्याचा तिचा निर्णय इथे सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. झेंड्यावर नाव लिहिण्याची सवय असती तर इथे लिहायला काही उरलेच नसते. संग्रहातली सर्वांत बोलकी वस्तू मी हीच मानतो.

आता एक तक्रार, आणि ती मोठी आहे. कडी. नेहमीची दुहेरी वळणाची कडी उघडायला दोन हात लागतात आणि एक नख. ही भेट पॅरा खेळाडूंसाठी आहे. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी, ज्याने पॅरिसला ४ सप्टेंबर २०२४ रोजी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवले, तो एफ ४६ गटात खेळतो. हा हाताला व्यंग असलेल्यांचा गट. अशा खेळाडूच्या हातात दुहेरी कडी देणे म्हणजे भेटीबरोबर मदतनीसही देण्यासारखे. दागिन्यांच्या दुकानात मिळणारा, अंगठ्याने दाबून उघडणारा लॉबस्टर हुक थोड्याच पैशांत मिळतो. एका हाताने पिशवीला अडकतो, एका हाताने निघतो. झेंड्यात अर्ध्या गुंडीचा विचार करणाऱ्या मुलीच्या नजरेतून हे सुटले. सांगितल्यावर ती झंडेवालानच्या घाऊक बाजारातून असे हुक घेऊन आली, तेव्हा स्पर्धा संपली होती.

आणि की-चेन पिशवीलाच अडकवावी, पट्ट्याला नव्हे. २००५ च्या दुरुस्तीनंतर कायदा सांगतो की कमरेखाली वापरायच्या पोशाखात किंवा वस्तूत राष्ट्रध्वज नको. मेट्रोत पँटच्या लुपाला तिरंगी की-चेन लटकवलेले तरुण रोज दिसतात. त्यांना कोणी अडवत नाही, तरी भेट देणाऱ्याने हे माहीत ठेवलेले बरे.

खेळणी आणि पदकमंच एकमेकांपासून फार लांब राहिलेले नाहीत. जुलै २०२५ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत विजेत्यांना लेगोचेच करंडक दिले गेले. निको हुल्केनबर्गला कारकिर्दीतले पहिले पोडियम मिळाले तेव्हा त्याच्या हातात ठोकळ्यांचा करंडक होता. त्याच वर्षी गुरुग्रामच्या अँबियन्स मॉलमध्ये लेगोचे भारतातले पहिले अधिकृत दालन उघडले. तिथले दर पाहून मी तसाच परतलो, हे इथे नमूद करतो. स्वस्त नकली ठोकळे दिल्लीत सगळीकडे मिळतात. पण त्यांच्या गुंड्या सैल पडतात किंवा रंग प्रत्येक डब्यात बदलतो. खेळण्यांना मानक ब्यूरोची खूण जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे, ती तरी पाहून घ्यावी. झेंड्यात पांढरा रंग सर्वांत आधी उघडा पडतो. नकली पांढरा वर्षभरात पिवळसर होतो.

हिशेब असा: बांगलादेश निर्दोष, तिरंगा उत्तम, जपान सुंदर, नेपाळ धाडसी, ब्राझील फसलेला, आणि तटस्थ पांढरी या सगळ्यांपेक्षा वेगळ्या रांगेतली.

एक सुचवणी त्या मुलीला केली, तीच वाचकांनाही. अंध धावपटूसाठी रंगांचा काय उपयोग, हा प्रश्न या सगळ्या गुळगुळीत टाइलखाली दडलेला आहे. त्यांना निळ्या गोलाचा उठाव तेवढा लागतो. लेगोने ब्राझीलमधल्या डोरिना नोविल अंध प्रतिष्ठानाच्या सहकार्याने केलेले ब्रेलचे ठोकळे २०२० पासून वापरात आहेत. ठोकळा नेहमीच्या मापाचा, १६ बाय ३२ मिलिमीटर. पण गुंड्या ब्रेलच्या सहा ठिपक्यांच्या जागी. आपल्या भाषांची भारती ब्रेलही त्याच सहा ठिपक्यांवर चालते. म्हणजे रोमन टाइलमध्ये जी देवनागरी बसत नव्हती ती इथे सहज बसते, कारण ब्रेलमध्ये वेलांटीलाही स्वतःचे घर मिळते. सचिन हे नाव स, च, इ, न असे चार ठोकळ्यांत, ६४ मिलिमीटरमध्ये येते. झेंड्याच्या ७२ मिलिमीटरच्या रुंदीत ते अगदी मापात राहील. नावाची पट्टी झेंड्यापासून वेगळी असल्याने उघड्या गुंड्यांवरच्या कंपनीच्या नावाचीही अडचण उरत नाही.

२०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला ठरले आहेत, आणि तिथे पॅरा खेळाडू त्याच स्पर्धेत, त्याच मैदानावर उतरतील. ज्यांच्या माळ्यावर मुलांच्या जुन्या ठोकळ्यांचा डबा पडून आहे त्यांनी तो खाली काढावा, आणि पांढऱ्या टाइल आतापासून वेगळ्या काढून ठेवाव्यात. त्याच सर्वांत आधी संपतात.